बटोश : रेल्वे जिथून दूर गेली

कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात, सास्काटून शहराच्या ईशान्येला सुमारे ८८ किलोमीटरवर, दक्षिण सस्कॅचेवान नदीच्या पूर्व काठावर बटोश हे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. पार्क्स कॅनडा ही तेथील केंद्र सरकारची संस्था त्याची व्यवस्था पाहते. ९ ते १२ मे १८८५ या चार दिवसांत मेटी लोक आणि कॅनडाचे सैन्य यांच्यात येथे निकराची लढाई झाली, आणि बहुतेक प्रवासी त्या लढाईच्या खुणा पाहण्यासाठीच येतात. त्या खुणा पाहाव्यातच. पण माझ्या मते ही जागा त्याहून मोठ्या गोष्टीची साक्षीदार आहे. पश्चिमेकडे सरकत आलेली वसाहत, जमिनीची नवी मोजणी आणि रेल्वे यांनी मिळून मेटी समाजाच्या पायाखालची जमीन कशी काढून घेतली, हे समजून घ्यायला प्रेअरीच्या मैदानात याहून चांगली जागा मला ठाऊक नाही. अट एवढीच की फलकांवरून नजर उचलून नदी, जुनी गाडीवाट आणि शेतांचे पट्टे यांच्याकडे पाहण्याची आपली तयारी हवी.

मराठी वाचकांपैकी अनेकांनी मेटी हे नाव प्रथमच ऐकले असेल, म्हणून थोडे सांगतो. फर व्यापाराच्या काळात आलेले फ्रेंच व स्कॉटिश पुरुष आणि क्री, ओजिब्वे आदी मूळ रहिवासी समाजांतील स्त्रिया यांच्या संततीतून अठराव्या शतकाच्या अखेरीपासून हा स्वतंत्र समाज घडत गेला. त्यांची मिचिफ ही भाषा क्रियापदे क्रीमधून आणि नामे बव्हंशी फ्रेंचमधून घेते. बायसनची शिकार, त्या मांसाच्या पेमिकनचा (वाळवलेले मांस आणि चरबी यांच्या टिकाऊ मिश्रणाचा) व्यापार, नदीकाठची शेती आणि बैलगाड्यांनी केलेली मालवाहतूक यांवर त्यांची उपजीविका चाले. २०२१ च्या जनगणनेत सहा लाख चोवीस हजारांहून अधिक लोकांनी आपण मेटी असल्याचे नोंदवले आहे. त्यामुळे बटोश पाहताना आपण नामशेष झालेल्या लोकांचे अवशेष पाहत आहोत, असा समज कोणी करून घेऊ नये. आम्हाला परिसर दाखवणाऱ्या बाई स्वतः मेटी होत्या, आणि त्या जे सांगत होत्या ते त्यांच्या घरातले बोलणे होते.

परिसरात उभ्या असलेल्या जुन्या इमारतींत संत अँथनी ऑफ पादुआ यांचे लाकडी चर्च आणि शेजारचे धर्मगुरूंचे निवासस्थान या दोन मुख्य आहेत. दोन्ही १८८३-८४ च्या सुमारास बांधलेल्या आहेत. निवासस्थानाच्या भिंतीवर १८८५ मधील गोळ्यांच्या खुणा आजही दिसतात आणि साहजिकच सगळे कॅमेरे तिकडे वळतात. याच घराचा उपयोग शाळा आणि टपाल कचेरी म्हणूनही झाला होता, ही गोष्ट मला त्या खुणांइतकीच बोलकी वाटली. येथे शाळा होती, टपाल येत होते, दुकाने होती. झाव्हिए लतांद्र, ज्यांना लोक ‘बटोश’ म्हणत, त्यांनी १८७२ च्या सुमारास येथे नदी ओलांडण्यासाठी तर (नावेची सोय) सुरू केली आणि दुकान थाटले. फोर्ट गॅरीहून, म्हणजे आजच्या विनिपेगहून, फोर्ट कार्लटनकडे आणि पुढे एडमंटनकडे जाणारी कार्लटन वाट येथेच नदी ओलांडत असे, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा बटोशशी संबंध येई. नदीकाठच्या जुन्या गावठाणात आता घरांचे पाये तेवढे दिसतात. तेथे अवश्य जावे, कारण लढाईपूर्वीचे हे गाव सरकारी अनुदानावर किंवा कोणाच्या कृपेवर उभे राहिलेले नव्हते, तर वाहतुकीच्या एका मोक्याच्या जागेवर स्वकष्टाने वाढलेले होते, हे तेथे उभे राहिल्यावर पटते.

आता जमिनीकडे वळतो, कारण सगळ्या कलहाचे मूळ तेथे आहे. मेटी कुटुंबे आपली शेते नदीला काटकोनात, अरुंद आणि लांबलचक पट्ट्यांत आखत. प्रत्येक घराला पाणी, काठची झाडी, नांगराची जमीन आणि मागे गवताचे कुरण असा सगळ्याचा वाटा मिळे, घरे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर राहत आणि सगळे गाव नदीच्या कडेने ओळीने वसे. आजच्या मॅनिटोबा प्रांतातील रेड रिव्हर नदीच्या खोऱ्यात असे पट्टे साधारण दोन मैल खोल असत. याउलट कॅनडा सरकारची मोजणी चौकोनी होती: सहा मैल लांब-रुंद टाउनशिप, तिचे प्रत्येकी एक चौरस मैलाचे ३६ भाग, आणि त्या प्रत्येक भागाचे १६० एकरांचे चार तुकडे. १८७२ च्या डोमिनियन लँड्स कायद्याने दहा डॉलर शुल्क भरून आणि ठरलेल्या अटी पाळून असा एक तुकडा वसाहतकाराला मिळू लागला. या ३६ भागांचे वाटपही आधीच ठरलेले होते. ११ आणि २९ क्रमांकांचे भाग शाळांसाठी होते, ८ क्रमांकाचा भाग व २६ चा बहुतांश हडसन्स बे कंपनी या फर व्यापारी कंपनीचा होता, आणि उरलेल्या विषम क्रमांकांचे भाग मोठ्या प्रमाणावर रेल्वेच्या अनुदानासाठी राखले जात. मेटी शेतकऱ्याचा नदीपासून मागे गेलेला एकच पट्टा या नकाशावर टाकला की तो दोन-तीन चौकोनांत तुटे, आणि त्यातला एखादा चौकोन दुसऱ्याच कोणासाठी राखलेला निघे. सातबाऱ्यावर नाव नसताना पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणाऱ्या कुळाची अवस्था ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही अडचण वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

या मोजणीला पहिला विरोध बटोशच्या कितीतरी पूर्वेला झाला होता. हडसन्स बे कंपनीने रुपर्ट्स लँड हा अफाट प्रदेश तीन लाख पौंडांना कॅनडाकडे सोपवण्याचा करार केला, पण तेथे राहणाऱ्यांना कोणी विचारले नाही, आणि हस्तांतर पुरे होण्याआधीच मोजणीदार रेड रिव्हरला येऊन दाखल झाले. ११ ऑक्टोबर १८६९ रोजी आंद्रे नो यांच्या गवताच्या कुरणात मेटी नेते लुई रिएल आणि त्यांच्या सोबत्यांनी मोजणीच्या साखळीवर पाय ठेवून काम थांबवले. त्यानंतर रिएल यांनी स्थापलेल्या हंगामी सरकारच्या वाटाघाटींतून १८७० चा मॅनिटोबा कायदा झाला आणि त्याच्या ३१ व्या कलमाने मेटी मुलांसाठी चौदा लाख एकर जमीन देण्याचे मान्य केले. प्रत्यक्षात ते वाटप वर्षानुवर्षे रेंगाळले, चुका होत गेल्या, वाटप होईतो नवे वसाहतकार येऊन बसले आणि दलालांनी हक्क स्वस्तात विकत घेतले. १८७० मध्ये रेड रिव्हरच्या सुमारे बारा हजार वस्तीत मोठे बहुमत असलेला हा समाज दीड दशकात आपल्याच प्रांतात लहानसा अल्पसंख्य गट झाला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ८ मार्च २०१३ रोजी निकाल दिला की ३१ व्या कलमाची अंमलबजावणी तत्परतेने करण्यात सरकार कमी पडले आणि त्यामुळे राजसत्तेच्या प्रतिष्ठेला साजेसे वर्तन घडले नाही. निकाल यायला १४३ वर्षे लागली, हे मी येथे मुद्दाम नोंदवतो.

रेड रिव्हर सोडून अनेक कुटुंबे पश्चिमेला सस्कॅचेवानच्या काठी आली आणि त्यांनी पुन्हा तसेच पट्टे आखले. बटोशच्या टेकाडावरून नदीकडे पाहताना ही पुनरावृत्ती डोळ्यांसमोर येते, आणि भेटीतला तो क्षण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण येथे आलेली माणसे नव्या जगाला घाबरून पळालेली नव्हती. एकदा गमावलेले गाव ती दुसऱ्या नदीवर पुन्हा वसवत होती. मोजणीदार त्यांच्यामागून येथेही आले. काही भागांची मोजणी नदीपट्ट्यांप्रमाणे झाली, उरलेल्या भागाची मात्र चौकोनी झाली. उत्तरेकडच्या सेंट लुई द लांजव्हॅं या गावाची जमीन तर, मेटी कुटुंबे तेथे राहत असतानाही, प्रिन्स अल्बर्ट कॉलोनायझेशन कंपनीला दिलेल्या क्षेत्रात धरली गेली. अर्जांमागून अर्ज गेले. जून १८८४ मध्ये सस्कॅचेवानकाठच्या मेटींचे नेते गॅब्रिएल द्युमाँ आणि त्यांचे सोबती घोड्यांवरून मॉन्टानाला गेले व तेथे शाळेत शिकवणाऱ्या रिएल यांना घेऊन आले, आणि डिसेंबरमध्ये ओटावाला सविस्तर निवेदन पाठवण्यात आले. या कागदपत्रांचा मजकूर नेमस्त आहे. वहिवाटीच्या जमिनीची सनद मिळावी, पूर्वी मान्य झालेले हक्क येथेही मिळावेत, कारभारात प्रतिनिधित्व असावे, एवढेच त्यांत मागितले आहे. एवढ्या साध्या मागण्यांना वेळेवर उत्तर मिळाले असते तर मे महिन्यात या काठावर खंदक खणावे लागले नसते, असे मला मनापासून वाटते.

रेल्वेचा प्रश्न येथे काहीसा अवघड होतो, कारण बटोशला रेल्वे कधी आलीच नाही. १८७० च्या दशकात आखलेला कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचा मार्ग उत्तरेकडून, बॅटलफोर्ड आणि एडमंटनच्या बाजूने जाणार होता. त्याच भरवशावर तारायंत्राची लाइन त्या मार्गाने टाकली गेली आणि बॅटलफोर्डला वायव्य प्रदेशांची राजधानी केले गेले. १८८१ मध्ये कंपनीची स्थापना झाली, तिला अडीच कोटी डॉलर आणि अडीच कोटी एकर जमीन देण्याचे ठरले, आणि लगेचच तिने मार्ग शेकडो किलोमीटर दक्षिणेला सरकवला. रेजायना व कॅलगरीवरून रूळ गेले, राजधानीही रेजायनाला हलली. सस्कॅचेवानच्या काठी ज्यांनी रेल्वेच्या आशेने जमिनी घेतल्या होत्या त्या इंग्रजी भाषिक वसाहतकारांचेही नुकसान झाले, परंतु मेटींना हा फटका दुहेरी बसला: रेल्वेच्या अनुदानासाठी जमिनीचा मोठा हिस्सा अडकून पडला आणि त्यांच्या गाडीवाटांचा धंदा बसू लागला.

तो धंदा किती मोठा होता हे समजण्यासाठी रेड रिव्हर गाडी नीट पाहून घ्यावी. दोन उंच चाकांची ही गाडी संपूर्ण लाकडाची असे, लोखंडी खिळा न वापरता कच्च्या चामड्याच्या वाद्यांनी बांधलेली असे, आणि एका बैलाने किंवा घोड्याने ओढायची असली तरी सुमारे चारशे किलो माल नेई. आसाला वंगण लावत नसत, कारण धुळीने ते जाम होई; म्हणून तांड्याचा करकराट फार लांबवर ऐकू जाई. अशा शेकडो गाड्यांचे तांडे अमेरिकेतल्या सेंट पॉलपर्यंत ये-जा करत. आधी नदीवर वाफेच्या बोटी आल्या, १८७८ मध्ये सेंट पॉलच्या बाजूचे रूळ सेंट बोनिफेसला येऊन मिळाले, आणि पुढे पॅसिफिक रेल्वे मैदान ओलांडू लागली तसतसे लांब पल्ल्याचे भाडे गाडीवानांच्या हातून निसटत गेले. त्याच सुमारास, म्हणजे १८७९ पर्यंत, कॅनडाच्या मैदानातून बायसनचे कळप जवळजवळ नाहीसे झाले होते. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या शिकार केली त्याच कुटुंबांवर मैदानात विखुरलेली हाडे गोळा करण्याची वेळ आली. ती हाडे रुळांच्या कडेला रचली जात आणि खतासाठी व साखर शुद्ध करण्यासाठी आगगाडीने कारखान्यांकडे रवाना होत. रेल्वेने मेटींच्या हाती शेवटी ठेवलेले काम ते हे.

रेल्वेने लढाईचा निकालही ठरवला. १८७० मध्ये रेड रिव्हरकडे निघालेल्या सैन्याला टोरोंटोहून पोहोचायला मेपासून ऑगस्टअखेरपर्यंतचा काळ लागला होता. २६ मार्च १८८५ रोजी डक लेक येथे पहिली चकमक झाली तेव्हा सुपीरियर सरोवराच्या उत्तरेला रूळ अनेक ठिकाणी तुटक होते, तरीही सैनिक मधले अंतर घसरगाड्यांतून आणि पायी कापत साधारण दहा दिवसांत विनिपेगला पोहोचले. पुढे ते रेजायनाच्या पूर्वेला क्वापेल येथे उतरले आणि उत्तरेकडे चालू लागले. आर्थिक डबघाईला आलेल्या कंपनीला याच प्रसंगाने संजीवनी दिली; उन्हाळ्यात संसदेने तिला मदत मंजूर केली. ७ नोव्हेंबर १८८५ रोजी ब्रिटिश कोलंबियातील क्रेगेलाकी येथे डोनाल्ड स्मिथ यांनी शेवटचा खिळा ठोकला, आणि नऊ दिवसांनी, १६ नोव्हेंबरला, रेजायनात रिएल यांना फाशी दिली गेली. हे डोनाल्ड स्मिथ म्हणजे १८६९-७० च्या हिवाळ्यात सरकारचे आयुक्त म्हणून रिएल यांच्याशी बोलणी करायला रेड रिव्हरला गेलेले तेच गृहस्थ. खिळा ठोकतानाचे त्यांचे छायाचित्र कॅनडात सर्वत्र दिसते. त्या छायाचित्राचा दुसरा अर्धा भाग बटोशला आहे, असे मी म्हणेन.

लढाईचे तपशील येथे इतके चांगले सांगितले जातात की मी ते थोडक्यात आटोपतो. जनरल मिडलटन यांचे सुमारे नऊशे सैनिक, तोफा आणि एक गॅटलिंग (झपाट्याने गोळ्या झाडणारी) बंदूक एका बाजूला. तीनशेहून कमी मेटी व त्यांचे क्री आणि डकोटा साथीदार दुसऱ्या बाजूला. ‘नॉर्थकोट’ ही बोट सैन्याच्या मदतीला नदीतून येत असताना मेटींनी तरीचा दोर खाली सोडून तिची धुराडी पाडली. चौथ्या दिवशी दारूगोळा संपला तेव्हा खिळे आणि खडे भरून बंदुका उडवल्या गेल्या. बंदूकधाऱ्यांचे खड्डे आजही उतारावर ओळखू येतात, आणि ते किती कौशल्याने निवडलेल्या जागी आहेत हे पाहून द्युमाँ यांच्याविषयीचा आदर वाढतो. दफनभूमीत लढाईत पडलेल्यांची सामूहिक कबर आहे. मृतांत जोझेफ ऊएलेट होते, ज्यांचे वय ९३ होते असे सांगतात. नदीकडे तोंड करून द्युमाँ यांची समाधी आहे. तेथे बोलणे आपोआप कमी होते. मुलांना आधीच कल्पना द्यावी.

या स्थळाविषयी माझे मत एकूण अतिशय अनुकूल आहे. जागा राखली आहे, सजवलेली नाही. सैनिकांची आणि मेटींची अशा दोन्ही बाजू सांगितल्या जातात, आणि मेटी बाजू मेटी माणसांच्या तोंडून ऐकायला मिळते, हे फार मोलाचे आहे. मात्र ही जागा मुळात रणभूमी म्हणून जतन झाली असल्यामुळे पाहणाऱ्याचे लक्ष त्या चार दिवसांकडे ओढले जाते, आणि त्यानंतरची पन्नास-साठ वर्षे आपण स्वतःहून विचारल्याशिवाय पुरेशी उलगडत नाहीत. खरी हानी तर त्या वर्षांत झाली. १८८५ पासून आयोगांनी स्क्रिप नावाचे कागद वाटले. कुटुंबप्रमुखाला १६० आणि मुलांना २४० डॉलरचे, किंवा तितक्याच एकरांचे. जमिनीचे स्क्रिप वापरायचे तर दूरच्या जमीन कचेरीत जाऊन, मोजणी झालेल्या मोकळ्या जमिनीवरच ते लावावे लागे. त्यामुळे आयोगाच्या पाठोपाठ फिरणाऱ्या दलालांना ते मिळेल त्या किमतीला विकणे अनेकांना भाग पडले. १८९० मध्ये प्रिन्स अल्बर्टला जाणारी रेल्वे झाली ती नदीच्या पलीकडून, डक लेकवरून. व्यापार तिकडे सरकला आणि तरीवर जगणारे बटोश ओसरत गेले. भूमिहीन झालेली कुटुंबे चौकोनी मोजणीत रस्त्यांसाठी सोडलेल्या सरकारी पट्ट्यांवर झोपड्या बांधून राहू लागली. कर भरत नाहीत म्हणून त्यांच्या मुलांना अनेक ठिकाणी शाळेत जागा नाकारली गेली. मॅनिटोबातील सेंट मॅडलेन ही अशीच एक मेटी वस्ती. १९३० च्या दशकाच्या अखेरीस सामुदायिक कुरणासाठी ती हलवून घरे जाळण्यात आली. वाटाड्या बाईंना मी स्क्रिपबद्दल विचारले तेव्हा त्यांनी ठरलेली फेरी बाजूला ठेवून बराच वेळ दिला. माझी विनंती आहे की तुम्हीही विचारावे.

आता व्यवहाराचे. स्थळ उन्हाळी हंगामात खुले असते, त्यामुळे तारखा आणि वेळा आधी पाहून घ्याव्यात. सार्वजनिक वाहनाने येथे पोहोचता येत नाही. सास्काटूनहून गाडीने ११ क्रमांकाच्या महामार्गाने रॉस्थर्न, तेथून ३१२ आणि मग २२५ क्रमांकाचा रस्ता असा सुमारे तासाभराचा प्रवास आहे. १७ वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेश निःशुल्क आहे. परिसर विस्तीर्ण आणि बराचसा उघडा आहे, म्हणून पाणी, टोपी आणि डबा बरोबर ठेवावा. गवतात गोचिडी असतात, म्हणून पायमोजे आणि बंद बूट घालावेत. तासाभरात उरकणाऱ्या घाईच्या सहलीने येऊ नये. किमान अर्धा दिवस द्यावा, आणि क्रम असा ठेवावा: आधी माहिती केंद्रातील चित्रफीत, मग चर्च आणि दफनभूमी, मग नदीकाठचे गावठाण, आणि खंदक सर्वांत शेवटी. जुलैत मेटी संघटनेचा ‘बॅक टू बटोश’ हा मेळावा भरतो; सारंगीसारखे वाजणारे फिडल, जिग नृत्य आणि गाड्यांच्या शर्यती पाहायच्या असतील तर तेव्हा यावे, शांतपणे जागा पाहायची असेल तर इतर वेळी. नदीच्या पश्चिम काठावरची सुमारे ६९० हेक्टर जमीन केंद्र सरकारने २०२२ मध्ये मेटी नेशन–सस्कॅचेवान या संस्थेच्या स्वाधीन केली आहे. परतताना डक लेकवरून यावे. रेल्वेने कोणते गाव उचलून धरले आणि कोणते मागे सोडले, याचा उलगडा ही दोन्ही गावे एकाच दिवशी पाहिल्यावर होतो.